पुन्हा कामावर घेताना जुन्या वर्षांचे काय?

कारखान्यात मंदी येते, माणसे कमी केली जातात. मागणी वाढली की त्यांतल्याच एखाद्याला पुन्हा बोलावणे जाते. त्याची आधीची वर्षे धरायची की नाही?

फिकहच्या भाषेत नोकरी म्हणजे इजारा, ठरलेल्या मोबदल्याचा करार. तो संपल्यावर नवा करार नव्या अटींवर होऊ शकतो. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम 25-एचनेही कपात झालेल्या कामगाराला फेरभरतीत प्राधान्य दिले. जुनी ज्येष्ठता परत देण्याचे बंधन घातले नाही. मात्र इजाऱ्यात मोबदला आधी स्पष्ट असावा लागतो. रजा आणि ग्रॅच्युइटी मोबदल्यातच येतात, म्हणून त्यांविषयी मौन बाळगून कामावर घेणे योग्य नव्हे. पूर्वीची थकलेली देणी तर कर्जच आहेत. नव्या नेमणुकीने ती फिटत नाहीत.

1972 च्या कायद्याने ग्रॅच्युइटीसाठी पाच वर्षांची सलग सेवा मागितली. म्हणून चौथे वर्ष सरताच कामगाराला काढायचे आणि महिन्याने त्याच यंत्रावर उभे करायचे, हा निव्वळ हीला आहे. हजरत शुऐब (अलै.) यांनी मदयनवासीयांना मापात कसर न करण्याची ताकीद दिली होती (सूरह अअराफ, आयत 85). वर्षांचेही माप असते.

बढतीच्या क्रमाबाबत मात्र मी सरसकट उदारता सुचवणार नाही. मंदीत टिकून राहिलेल्यांना डावलून परतलेल्याला वर बसवणे म्हणजे दुसऱ्याच्या हक्कातून दान करणे. रजेसाठी, आणि पूर्वी दिलेली रक्कम वजा करून ग्रॅच्युइटीसाठी, जुनी वर्षे धरणे हा मालकाच्या स्वतःच्या खिशातला एहसान आहे. सूरह नहल (आयत 90) न्यायासोबत त्याचीही आज्ञा देते. त्या माणसाने राजीनामा दिला नव्हता, हे नेमणुकीचे पत्र लिहिताना आठवावे.