सुरीने काढलेल्या रेघा

कॉर्डरॉयचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं: मूळ फ्रेंच ‘कॉर्द द्यु रोआ’, म्हणजे राजाची दोरी. गोष्ट झकास आहे, पण खुद्द फ्रेंच लोक या कापडाला ‘व्हलूर कोतले’ म्हणतात, बरगड्या असलेली मखमल. उलट, साँस गावच्या मालाच्या १८०७च्या एका फ्रेंच यादीत ‘किंग्ज-कॉर्ड्‌स’ असं इंग्रजीच नाव आढळतं. शब्द रुळला तो अठराव्या शतकातल्या इंग्लंडात. राजा मागाहून चिकटवलेला. जर्मनांनी या कापडाला सरळ ‘मँचेस्टर’ म्हटलं. मला तेच नाव प्रामाणिक वाटतं.

कारण हे कापड फस्टियन नावाच्या जाड, कष्टकरी सुती कापडांच्या कुळातलं, आणि त्याचा व्यापार वाढला मँचेस्टरच्या आसपास. अंगावरच्या उभ्या रेघाही, नावातल्या राजासारख्याच, मागाहून आलेल्या. मागावरून उतरलेल्या कापडाला लव नसतेच. विणताना नेहमीच्या बाण्याखेरीज जादा आडवे धागे घालतात; ते काही उभ्या ताण्यांवरून सुटे जातात आणि ठरावीक ठिकाणी अडकतात. त्यामुळे कापडाच्या लांबीभर बारीक बोगदे तयार होतात. एकेका बोगद्यात लांब, अरुंद पात्याची सुरी सरकवायची आणि वरचे धागे मधोमध कापत शेवटपर्यंत जायचं. कापलेली टोकं दोन्हीकडून उभी राहतात, ब्रश फिरला की फुलतात, आणि रेघ उमटते. हात जरा हलला की पातं खालच्या विणीत घुसलं, कापडाला भोक! लँकेशायर-चेशायरमध्ये बायका आणि मुलं कापड ताणलेल्या टेबलाकडेने दिवसभर येरझारा घालत हे काम करत. पुढे गोल पात्यांची यंत्रं आली.

रेशमी मखमलीची लव ताण्यातून निघते, कॉर्डरॉयची बाण्यातून, तीही सुताच्या. म्हणून ही गरिबाची मखमल. झीज आधी रेघा सोसतात, खालचं कापड टिकतं. गुडघ्यावर टक्कल पडलेली पँटही फाटलेली नसते.

इंग्लंडात फस्टियनचं जाकीट ही मजुराची खूणच झाली होती. ऑगस्ट १८४१मध्ये कामगारांच्या चार्टिस्ट चळवळीचा पुढारी फर्गस ओ’कॉनर यॉर्कच्या तुरुंगातून सुटला, तेव्हा जमीनदार घराण्यातला हा वकील मुद्दाम फस्टियनचा सूट घालून लोकांसमोर आला.