न फिरवल्यामुळे

लहानपणी घातलेलं एक कोडं आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल. भाकरी का करपली, विड्याची पानं का सडली आणि घोडा का अडला? तिन्ही प्रश्नांना उत्तर एकच: न फिरवल्यामुळे. उत्तर ऐकून आपण हसतो. पुढे भाकरी आयुष्यभर परतत राहतो. घोड्याचा विचार मात्र तिथेच सुटतो.

परवा तो पुन्हा आला. सोनिवलीहून बदलापूर स्टेशनकडे निघाले होते. लग्नसराईचे दिवस. रस्त्याच्या कडेला एक पांढरी घोडी बांधलेली. डोक्यावर ताडपत्रीची सावली, तोंडापुढे हिरव्या चाऱ्याचा भारा, अगदी नाकाशी पाण्याची बादली. मालकाने जीव लावून सगळी सोय केली होती. दोर मात्र दोन हातांचा. मागचा एक पाय खुराच्या टोकावर टेकवून ती उभी होती. थोड्या वेळाने तिने तो पाय खाली घेतला आणि दुसरा टेकवला. पुन्हा स्तब्ध. संध्याकाळी कुठल्याशा वरातीत बँडच्या गोंगाटात दोन तास डांबरावर चालायचं आणि परत इथे. इथे पूर्वी प्रवासी घोडे बदलत, म्हणून गावाचं नाव बदलापूर, असं जुनी माणसं सांगतात. घोडे बदलण्याच्या त्या गावात ही घोडी नुसते पाय बदलत होती.

घोड्याचं शरीर दिवसभर एका जागी उभं राहण्यासाठी घडलेलंच नाही. एवढ्या धिप्पाड जनावराचं जठर त्या मानाने लहान. त्यात आम्ल मात्र अखंड पाझरत असतं, पोटात चारा असो वा नसो. म्हणून मोकळा घोडा दिवसाचे पंधरा-सोळा तास थोडं थोडं चरतो आणि चरता चरता पुढे सरकतो. प्रत्येक पावलाला खूर जमिनीवर किंचित फाकतो, उचलला की आवळतो, आणि त्या दाबाने पायातलं रक्त वर ढकललं जातं. घोडा नुसता उभा राहिला की पायांवर सूज उतरते, पोट जड होतं, स्वभाव चिडका होतो. ऑस्ट्रेलियातल्या रानघोड्यांच्या गळ्यात जीपीएस बांधून मोजलं, तेव्हा ते दिवसाला सरासरी सोळा किलोमीटर चालतात असं दिसलं. त्यांना कुणी फिरवत नाही. गवत एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, एवढंच.

जेमी जॅक्सन नावाच्या अमेरिकन नालबंदाच्या मनात हीच गोष्ट घर करून राहिली. 1982 ते 1986 या काळात तो अमेरिकेतल्या माळरानावरच्या मोकाट मस्टँग घोड्यांच्या मागे हिंडला. नाल नाही, खरारा नाही, पागा नाही, तरी त्यांचे खूर दगडासारखे टणक. त्यातून त्याने घोडे ठेवण्याची एक रीत सुचवली. आज जगभर ती ‘ट्रॅक’ म्हणून ओळखली जाते. रीत साधी आहे. मैदान घोड्याला पूर्ण मोकळं द्यायचं नाही. कुंपणाच्या आतून दुसरं कुंपण घालून चहूबाजूंनी दहा-पंधरा फुटांची वाट ठेवायची. वाळलेलं गवत एका कोपऱ्यात, जाळीत बांधून, म्हणजे ते सावकाश खाल्लं जाईल. पाणी पार दुसऱ्या टोकाला. मिठाचा खडा तिसरीकडे. कुठे लोळायला वाळू, कुठे खूर घासायला गोटे, कुठे झाडाची सावली. आणि सोबतीला आणखी एक-दोन घोडी, कारण एकटा घोडा चालत नाही, वाट बघत बसतो.

लठ्ठ झालेला, खुरांच्या दाहातून नुकता उठलेला, सांधे आखडलेला किंवा म्हातारा घोडा अशा वाटेवर हळूहळू सावरतो, असा अनेक पाळणाऱ्यांचा अनुभव आहे. मधलं लुसलुशीत हिरवं गवत त्याच्यापासून मुद्दाम दूर ठेवतात, कारण त्यातली साखरच अशा घोड्याच्या खुरांना भोवते. अर्थात हाड मोडलेल्या किंवा शीर दुखावलेल्या घोड्याला आधी विश्रांतीच लागते आणि ती किती, हे पशुवैद्यानेच सांगायचं. शिवाय आपल्या उल्हास नदीकाठच्या भाताच्या जमिनीत नुसतं कुंपण घालून भागणार नाही. पावसाळ्यातल्या चिखलात चार महिने भिजलेला खूर मऊ पडून सडतो. इथे आधी चर खणून पाणी काढावं लागेल, मुरूम आणि खडी टाकावी लागेल.

महालक्ष्मीला 1883 पासून घोड्यांचा एक प्रसिद्ध ट्रॅक आहे. त्यावरचा घोडा सकाळी तास-दीड तास बाहेर येतो, वाऱ्यासारखा धावतो आणि उरलेला बहुतेक दिवस चार भिंतींत काढतो. माथेरानचा घोडा दिवसभर तांबड्या मातीत चालतो, पण पाठीवर माणूस आणि लगाम दुसऱ्याच्या हाती. जॅक्सनच्या ट्रॅकवर शर्यतही नाही आणि स्वारही नाही. तिथला घोडा रमतगमत, वास घेत, मध्येच थांबत चालतो. आपल्याकडे असं जगणं पाहायचं असेल तर दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरणाऱ्या धनगरांच्या तट्टांकडे बघावं. ओझं त्यांच्याही पाठीवर असतं. पण तळ पडला की पाठ मोकळी होते आणि दिसेल ते खुरटं गवत खुडत ती हिंडू लागतात.

त्या घोडीपासून पुढे आले तरी मनातून तो दोन हातांचा दोर जाईना. मालकाचं चुकलं कुठे? त्याने पाणी नाकाशी ठेवलं, चारा तोंडाशी ठेवला. माया केली की आपण हेच करतो. ज्याच्यावर जीव आहे त्याच्या वाटेतलं अंतर पुसून टाकतो. त्याला उठायचं कारणच ठेवत नाही.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आईसाठी आम्ही असंच केलं होतं. पलंगालगत स्टूल, त्यावर पाण्याचा तांब्या, औषधांचा डबा, रिमोट, चष्मा, फोन. ‘तू उठू नकोस गं, लागेल ते हाक मारून सांग.’ हे ऐकण्यात तिलाही बरं वाटत होतं आणि म्हणण्यात आम्हाला. महिनाभराने फिजिओथेरपीची मुलगी आली. व्यायाम शिकवण्याआधी तिने खोलीभर नजर फिरवली आणि स्टूलवरचा तांब्या उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. वाटेतलं पायपुसणं काढलं, भिंतीला धरायला दांडी लावायला सांगितलं. म्हणाली, ‘काकू, तहान लागली की यायचं.’ मला तेव्हा ती जरा निर्दयच वाटली होती.

आता वाटतं, कोड्याचं उत्तर थोडं दुरुस्त करायला हवं. भाकरी आणि पानं आपणच परतायची असतात. घोडा परतायची वस्तू नव्हे. त्याला पाणी चार पावलं लांब ठेवलं, वाट नीट केली आणि दोर सोडला, की तो आपला आपण फिरतो.

आईचा तांब्या अजून स्वयंपाकघरातच असतो. दिवसातून आठ-दहा वेळा ती तिथवर जाते, आणि येताना खिडकीतल्या तुळशीची सुकलेली पानं खुडून आणते.