‘तोच हा’ : नव्या नटसंचातील जुनी पात्रे आणि ओळखीचे ऋण

जे. जे. एब्रॅम्स यांनी दिग्दर्शित केलेल्या २००९ सालच्या ‘स्टार ट्रेक’ या चित्रपटात एक प्रसंग आहे. डेल्टा व्हेगा नावाच्या हिमाच्छादित ग्रहावर सोडून दिलेला तरुण जेम्स कर्क एका अजस्र श्वापदापासून जीव वाचवीत गुहेत शिरतो. हातातील जळते लाकूड पुढे करून एक वृद्ध त्या श्वापदाला पिटाळतो, वळून तरुणाकडे पाहतो आणि त्याला त्याच्या नावाने संबोधतो. १९८२च्या चित्रपटात मरताना आपल्या मित्राला दिलेले मैत्रीचे वचन तो वृद्ध पुन्हा उच्चारतो. तरुण मात्र त्याला ओळखत नाही. वृद्धाची भूमिका करणारे लेनर्ड निमॉय १९६६पासून स्पॉक या पात्राचा एकमेव परिचित चेहरा होते. तरुण कर्कची भूमिका करणारे क्रिस पाइन यांना त्या भूमिकेत प्रेक्षक प्रथमच पाहत होते.

या प्रसंगातील अभिज्ञान विलक्षण आहे. कथेच्या अंतर्गत पाहता स्पॉकला कर्कच्या चेहऱ्यात काहीही बदललेले दिसत नाही. त्याच्या दृष्टीने तो जुन्या मित्राचाच तरुणपणचा चेहरा आहे. प्रेक्षकाला मात्र तेथे विल्यम शॅटनर दिसत नाहीत. म्हणजे जी ओळख पात्राला सहज पटते ती प्रेक्षकाला पटण्याजोगी नाही, आणि ती पटावी म्हणूनच जुन्या नटाला नव्या चित्रपटात पाचारण केलेले आहे. स्पॉकच्या मुखातून निघणारे ‘तोच हा’ हे विधान वस्तुतः प्रेक्षकाला दिलेली आज्ञा आहे, किंवा अधिक सौम्य शब्दांत, केलेली विनंती आहे. ही विनंती करण्याचा अधिकार कोणाचा, आणि ती मान्य करणारा प्रेक्षक नेमके काय मान्य करीत असतो, हा केवळ व्यवसायाचा किंवा अभिरुचीचा प्रश्न नाही. त्याला एक नैतिक अंग आहे.

नट आणि पात्र यांच्या संबंधाविषयी भारतीय काव्यशास्त्रात झालेली चर्चा येथे अनपेक्षितपणे उपयोगी पडते. ‘अभिनवभारती’त ज्याचे मत नोंदविले गेले आहे त्या शंकुकाच्या मते, नटाच्या ठायी होणारी ‘हा राम’ ही प्रतीती सम्यक्, मिथ्या, संशय आणि सादृश्य या चारही प्रकारच्या ज्ञानांहून वेगळी असते. चित्रातील घोड्याला पाहून ‘हा घोडा’ म्हणावे तशी ती असते. या अनुकरणवादावर अभिनवगुप्ताचे गुरू भट्ट तौत यांनी घेतलेला एक आक्षेप प्रसिद्ध आहे : प्रेक्षकांपैकी कोणीही रामाला, रामाच्या चित्तवृत्तीला, पूर्वी अनुभवलेले नाही, मग नट त्याचेच अनुकरण करीत आहे हे त्यांना कळावे कसे? अनुकार्य अज्ञात असेल तर अनुकरण ओळखता येत नाही.

दूरचित्रवाणीच्या मालिकेने हा आक्षेप पुरता उलटा केला आहे. तौतांना जो प्रेक्षक अशक्य वाटला तो येथे प्रत्यक्षात आहे. त्याने अनुकार्य पाहिलेले आहे. ८ सप्टेंबर १९६६ ते ३ जून १९६९ या काळात एनबीसी वाहिनीवर ‘स्टार ट्रेक’चे ७९ भाग प्रक्षेपित झाले आणि पुनःप्रक्षेपणांतून ते पुढच्या पिढ्यांपर्यंत पोचले. या प्रेक्षकाच्या दृष्टीने शॅटनर यांच्यापूर्वी कर्क नव्हता. हॅम्लेटचे तसे नाही. तो संहितेत आहे, आणि प्रत्येक नट तेथून त्याला उसना आणून परत करतो. कर्क कोणत्याही छापील संहितेत राहत नाही. तो एका विशिष्ट देहात, एका विशिष्ट आवाजाच्या थांबण्यात घडला. स्टॅन्ली कॅव्हेल यांनी १९७१च्या ‘द वर्ल्ड व्ह्यूड’मध्ये रंगमंचावरील नट आणि पडद्यावरील नट यांत केलेला भेद या ठिकाणी लागू पडतो : रंगमंचावर नट भूमिकेला शरण जातो, पडद्यावर भूमिका नटात विरघळते. मग नव्या नटाने अनुकरण कोणाचे करायचे? मॅकॉयच्या भूमिकेत कार्ल अर्बन यांनी डीफॉरेस्ट केली यांच्या बोलण्याची ढब जाणीवपूर्वक उचलली; पाइन यांनी शॅटनर यांचे सुप्रसिद्ध विराम बव्हंशी टाळले. एकाने पूर्वीच्या नटाचे अनुकरण केले, दुसऱ्याने पात्राचा शोध घेतला, आणि दोघेही एकाच जहाजावर आहेत. प्रेक्षकांनी पहिल्याला अधिक सहजपणे स्वीकारले ही गोष्ट बोलकी असली तरी निर्णायक नाही.

मूळ निर्मिती अखंड होती आणि नव्यांनी ती भंगली, असे मात्र समजण्याचे कारण नाही. पहिल्या प्रायोगिक भागातील कप्तान पाइक होता, कर्क नव्हे; वाहिनीने तो भाग नाकारल्यावर त्या नटसंचातून स्पॉक तेवढा उरला. १९६६मध्येच त्या भागाची दृश्ये ‘द मिनॅजरी’ या द्विभागी कथेत वापरली गेली, तेव्हा अपघाताने विद्रूप झालेल्या पाइकची भूमिका जेफ्री हंटर यांच्याऐवजी शॉन केनी यांनी केली. सॅव्हिक या व्यक्तिरेखेच्या भूमिकेत १९८२मध्ये कर्स्टी अ‍ॅली आणि १९८४मध्ये रॉबिन कर्टिस होत्या. या बदलांनी कोणाचा श्रद्धाभंग झाला नाही. तेव्हा केवळ चेहरा बदलणे हा दोष नव्हे. प्रश्न निर्माण होतो तो चेहऱ्याच्या बदलाला कथेत कारण शोधले जाते तेव्हा.

ते कारण असे. भविष्यकाळातून आलेला नीरो २२३३ साली ‘केल्व्हिन’ जहाजावर हल्ला करतो. त्या क्षणापासून काळाचा प्रवाह दुभंगतो. जुना प्रवाह जसाच्या तसा राहतो, नवा आपल्या मार्गाने जातो. योजना चतुर आहे यात शंका नाही. सॉल क्रिप्के यांच्या मताप्रमाणे व्यक्तीचे मूळ, म्हणजे ज्या विशिष्ट बीजापासून ती संभवली ते, तिच्यासाठी अपरिहार्य असते; पुढचे आयुष्य कितीही वेगळे झाले तरी ती तीच राहू शकते. या निकषावर तरुण कर्क उत्तीर्ण होतो, कारण हल्ल्याच्या वेळी तो आईच्या उदरात होता आणि त्याच गोंधळात जन्मला. स्पॉक तर त्याआधीच जन्मलेला. अडचण येते ती पाव्हेल चेकॉव्हची. १९६७च्या एका भागात तो आपले वय बावीस सांगतो. मालिकेच्या मान्य कालगणनेप्रमाणे ते वर्ष २२६७, म्हणजे त्याचा जन्म २२४५चा. २००९च्या चित्रपटात २२५८ साली तो सतरा वर्षांचा आहे, म्हणजे जन्म २२४१चा. दुभंगानंतर, चार वर्षे आधी जन्मलेला हा मुलगा क्रिप्के यांच्या अर्थाने जुना चेकॉव्ह असूच शकत नाही. तो त्याच आईबापांचा, त्याच नावाचा दुसराच कोणी असला पाहिजे. असले हिशोब करणाऱ्या रसिकांची थट्टा होते. महाभारत युद्धाची तिथी ठरविण्यात पिढ्या खर्च केलेल्या समाजाने तरी त्या थट्टेत सामील होऊ नये.

डेरेक पारफिट यांच्या मते हा सगळा हिशोबच अनावश्यक ठरेल. ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या १९८४च्या ग्रंथात त्यांनी ‘स्टार ट्रेक’मधील संप्रेषकासारख्याच एका यंत्राची कल्पना केली आणि निष्कर्ष काढला की तादात्म्य महत्त्वाचे नाही, मानसिक सातत्य टिकले म्हणजे पुरे. आपल्या मताची बौद्ध विचाराशी असलेली जवळीक त्यांनी स्वतःच नोंदविली आहे. ‘सोऽयं देवदत्तः’ या प्रत्यभिज्ञेवरून नैयायिकाने वस्तूचे स्थैर्य सिद्ध करावे आणि बौद्धाने कापून पुन्हा उगवलेल्या केसांचे उदाहरण देऊन ते सादृश्यावर आणून ठेवावे, हा जुनाच वाद आहे. परंतु पारफिटप्रणीत समाधान येथे अपुरे पडते. नव्या कर्कला जुन्या कर्कच्या आयुष्यातील काहीच आठवत नाही. सातत्य आहे ते प्रेक्षकाच्या स्मृतीत. ‘रीबूट’ हा संगणकाच्या परिभाषेतून आलेला शब्द याबाबतीत अजाणता नेमका आहे : यंत्र पुन्हा सुरू होते तेव्हा चालू कामाची स्मृती पुसली जाते, साठवणीतील राहते. पात्रे सर्व विसरली आहेत. साठवण प्रेक्षकापाशी आहे, आणि नवी कृती तिच्यावरच चालते.

नैतिक प्रश्न येथून सुरू होतो. २००९च्या चित्रपटात स्पॉकचा व्हल्कन हा मातृग्रह नष्ट होतो. सहा अब्ज रहिवाशांपैकी जेमतेम दहा हजार वाचल्याचा अंदाज स्पॉक नोंदवितो. त्याची आई त्याच्या डोळ्यांदेखत जाते. हा विनाश हृदयाला भिडतो तो कोणाच्या बळावर? नव्या चित्रपटाने व्हल्कन फारसा दाखविलेलाच नाही. तेथील तांबडे आकाश, विवाहविधी, कठोर शिष्टाचार हे सर्व १९६७च्या ‘अमॉक टाइम’ने आणि त्यानंतरच्या कथांनी घडविले. शोक जुन्या व्हल्कनसाठी होतो. आणि त्याच वेळी कथेची यंत्रणा दिलासा देते की जुना व्हल्कन सुखरूप आहे, दुसऱ्या प्रवाहात, कोणीही त्याला हात लावलेला नाही. शोक करण्यासाठी ‘तोच हा’ म्हणायचे आणि जबाबदारी आली की ‘हा तो नव्हे’ म्हणायचे, असा हा दुहेरी जमाखर्च आहे. प्रेक्षकाने अनेक वर्षे जमविलेल्या जिव्हाळ्यावर कर्ज काढायचे, आणि परतफेडीची वेळ आली की नाव सारखे असले तरी खातेदार निराळा असल्याचे सांगायचे.

जुन्या कृतीला अस्पर्श ठेवले म्हणजे तिचा मान राखला, अशी या योजनेमागची समजूत दिसते. हा मान देव्हाऱ्यातला आहे. जिला धक्का लागू शकत नाही तिच्याशी संवादही होऊ शकत नाही.

२०१३च्या ‘स्टार ट्रेक इनटू डार्कनेस’मध्ये हे अधिक उघडे पडले. १९८२मध्ये किरणोत्साराने मरणारा स्पॉक काचेच्या एका बाजूला आणि कर्क दुसऱ्या बाजूला होता. २०१३मध्ये कर्क मरतो आणि स्पॉक बाहेर असतो. खानच्या नावाने फोडलेला आक्रोशही एकाकडून दुसऱ्याकडे गेला आहे. पण १९८२च्या मृत्यूमागे पंधरा वर्षांहून अधिक काळाचा सहवास होता, आणि स्पॉक परत येण्यासाठी प्रेक्षकाला दोन वर्षे थांबावे लागले. नवे मित्र एकमेकांना पुरते ओळखूही लागलेले नाहीत. आणि कर्क तर त्याच चित्रपटाच्या अखेरीस खानच्या रक्ताने जिवंत होतो. उसन्या शोकाची मुदत काही मिनिटांचीच. खानच्या बाबतीत तर वारशाचा आणखी एक घोटाळा आहे. १९६७च्या ‘स्पेस सीड’मध्ये तो उत्तर भारतातील, बहुधा शीख असावा, असे तर्काने सांगितले जाते, नाव खान नूनियन सिंग. भूमिका केली मेक्सिकोत जन्मलेल्या रिकार्डो मोन्तालबान यांनी, आणि २०१३मध्ये बेनेडिक्ट कंबरबॅच या गौरवर्णीय इंग्रज नटाने. पहिल्या वेळी भारतीयत्व निदान वेषांतराने तरी सांभाळले होते. दुसऱ्या वेळी नाव तेवढे उरले. चेहरा बदलणे हा दोष नव्हे असे वर म्हटले आहे, ते येथे मर्यादित करावे लागते : पात्र ज्या समूहाचे म्हणून निर्माण झाले तो समूह पडद्यावर विरळा असेल, तर चेहऱ्यासोबत आणखीही काही हरवते.

याच्या उलट उदाहरण त्याच परंपरेत उपलब्ध आहे. २०२२मध्ये सुरू झालेल्या ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ या मालिकेत पाइकच्या भूमिकेत अ‍ॅन्सन माउंट, स्पॉकच्या भूमिकेत ईथन पेक आणि पुढे कर्कच्या भूमिकेत पॉल वेस्ली आले. त्यासाठी समांतर प्रवाहाची सबब पुढे केलेली नाही. हे तेच लोक आहेत, असे शंकुकाच्या चित्रतुरगासारखे सरळ गृहीत धरले आहे. परिणामी नवे पात्र जुन्या संहितेला बांधले जाते. १९६६च्या कथेने पाइकचे भवितव्य लिहून ठेवलेले आहे : छात्रांना वाचविताना तो किरणोत्साराने कायमचा पंगू होणार. २०१९मध्ये ‘डिस्कव्हरी’ मालिकेत त्याला हे भवितव्य दिसते आणि तो ते स्वीकारतो. २०२२च्या पहिल्या मालिकाखंडाच्या अखेरच्या भागात तो ते टाळू पाहतो. तेव्हा त्याच्या सुटकेची किंमत स्पॉकला मोजावी लागते आणि युद्ध पेटते, हे त्याला दाखविले जाते. तो माघारी फिरतो. येथे पूर्वीच्या कृतीशी असलेली बांधिलकीच पात्राची नैतिक समस्या बनली आहे. प्रेक्षकाला जे आधीच ठाऊक आहे तेच पाइकलाही ठाऊक आहे. दोघांचे ओझे एकच आहे. ही मालिकाही निर्दोष नाही. ‘स्पेस सीड’ने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात योजिलेली खानची राजवट वास्तवात आली नाही म्हणून २०२३च्या एका भागात ती पुढे ढकलली गेली. पण तेथे बदल उघड कबूल केला आहे, त्याचे कारण कथेतच दिले आहे, आणि त्याचा भार त्याच एका प्रवाहावर टाकला आहे.

जुन्याचा भार नव्या प्रवाहातील चित्रपटांनाही अखेर चुकविता आला नाही. २७ फेब्रुवारी २०१५ रोजी निमॉय यांचे निधन झाले. २०१६च्या ‘स्टार ट्रेक बियाँड’मध्ये तरुण स्पॉकला वृद्ध स्पॉकच्या मृत्यूची वार्ता कळते आणि त्याच्या वस्तूंत एक छायाचित्र सापडते. त्यात मूळ नटसंच आहे, वय झालेला, गणवेशात. झॅकरी क्विन्टो यांचा स्पॉक त्या अनोळखी चेहऱ्यांकडे पाहतो, आणि ते आपणच व आपले सोबतीच आहेत हे त्याला न सांगता कळते. डेल्टा व्हेगावरील गुहेत जे अभिज्ञान प्रेक्षकाकडून मागितले होते ते या क्षणी पात्राच्या वाट्याला आले आहे. कालप्रवाहांची कोणतीही चतुराई या दृश्याच्या कामी आलेली नाही. एक नट गेला आहे, एवढेच त्यामागे आहे.

हा चित्रपट प्रदर्शित होण्याच्या महिनाभर आधी चेकॉव्हची भूमिका करणारे अ‍ॅन्टन येल्चिन अपघातात मरण पावले. त्यांच्या जागी दुसरा नट घेतला जाणार नाही असे एब्रॅम्स यांनी सांगितले. वॉल्टर केनिग यांच्या चेहऱ्यातून येल्चिन यांच्या चेहऱ्यात ज्या पात्राला निर्वेधपणे नेले होते, त्याला तिसरा चेहरा द्यायला त्यांचे मन धजले नाही. कथेच्या गणिताप्रमाणे मूळ पात्राशी ज्याचे तादात्म्य सर्वांत दुबळे ठरते तो हाच चेकॉव्ह, २२४१ साली जन्मलेला.