पत्ता

परवा ग्रंथालयात एक प्रबंध चाळताना तुकोबांच्या एका अभंगाचा अर्थ वाचला आणि तो अभंग सबंध वाचावासा वाटला. तळटीप पाहिली. ‘तुकाराम गाथा’ आणि पुढे अभंगाचा क्रमांक, एवढंच. कपाटातून गाथा काढली, तर त्या क्रमांकावर भलताच अभंग. दुसरी काढली, तिथं तिसराच. शेवटी चरणसूचीवर बोट फिरवत फिरवत तो सापडला.

संशोधकानं अभंग वाचला होता, क्रमांकही बरोबर उतरवला होता. पण गाथा एक नाही. इंदुप्रकाश छापखान्यानं १८६९ आणि १८७३ साली दोन खंडांत छापलेली गाथा १९५० साली सरकारनं पुन्हा काढली. तिचा क्रम एक, विष्णुबुवा जोगांच्या सार्थ गाथेचा निराळा. कोणती गाथा, हे तेवढं लिहायचं राहिलं होतं.

संदर्भ लिहिणं हे प्रबंधातलं सर्वांत कंटाळवाणं काम समजलं जातं. आडनाव आधी की नाव, साल लेखकाच्या नावाशेजारी की शेवटी, स्वल्पविराम की पूर्णविराम, असल्या गोष्टींत रात्री जातात. पण या नियमांमागं वाचकाची गरज आहे. विज्ञानात माहिती किती ताजी आहे हे आधी कळावं लागतं, म्हणून तिथं साल नावाला लागून येतं. १८८१ साली हार्वर्डचे प्राणिशास्त्रज्ञ एडवर्ड लॉरेन्स मार्क यांनी बिनशंखाच्या गोगलगायीच्या अंड्यावर लिहिताना मजकुरातच कंसात लेखक आणि साल घातलं. या पद्धतीचा हा सर्वांत जुना ज्ञात नमुना मानतात. साहित्यात मात्र शब्द नेमका कुठं आला ते पाहायचं असतं, म्हणून तिथं पृष्ठ क्रमांकाला मोल.

आपल्या प्रबंधांतला ‘तत्रैव’ हा शब्द घ्या. ‘वरच्याच ग्रंथात’ एवढाच त्याचा अर्थ. पण पुढं कधी दोन तळटिपांच्या मध्ये एक नवी टीप घुसली, की हाच शब्द वाचकाला दुसऱ्याच ग्रंथाच्या दारात नेऊन उभा करतो. शब्द तोच, जागा तीच, पण खूण खोटी होते.

कुणाकडून घेतलं ते सांगण्याची रीत आपल्याला नवी नाही. महिपतींनी १७६२ साली ‘भक्तविजय’ पूर्ण केला, तेव्हा नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांच्या ग्रंथांचा आधार घेतल्याचं त्यांनी ग्रंथातच सांगितलं. संतचरित्रं सांगताना आपलं काही पदरचं नाही, हे त्यांना श्रोत्यांपुढं मांडावंसं वाटलं. ही कृतज्ञता आहे, आणि ती पहिली पायरी आहे.

दुसरी पायरी पत्त्याची. पाहुण्याला ‘देवळामागं घर आहे’ असं सांगितलं, तर गावातल्याला ते पुरतं. परगावच्यानं कोणत्या देवळामागं शोधावं? आपण ज्याच्यासाठी लिहितो तो वाचक बहुधा परगावचाच असतो. कदाचित तो पन्नास वर्षांनी येईल. तेव्हा विचारायला आपण नसू. आवृत्ती, प्रकाशन, साल, पृष्ठ ही चार बारीक अक्षरंच त्याचा हात धरून नेतील. आणि तिथं पोचल्यावर आपलं चुकलं असं त्याला दिसलं, तर तेही त्यानं म्हणावं, यासाठीच तर पत्ता द्यायचा. जो पूर्ण पत्ता देतो, त्यानं स्वतःला तपासून घ्यायची तयारी दाखवलेली असते.

म्हणून आज कुठल्या पुस्तकातलं एखादं वाक्य वहीत उतरवून घ्याल, तर पुस्तक मिटण्याआधी मुखपृष्ठामागचं पान उलटून पाहा. आवृत्ती कितवी, साल कोणतं, पृष्ठ कितवं, ते वाक्याखालीच लिहा. पुस्तक कपाटात परत गेल्यावर ते आठवत नाही. मूळ अभंगापर्यंत जाऊ पाहणारं कुणीतरी उद्या त्याच कपाटापाशी उभं असेल.