ही संख्या मूळ आहे, हे नेमकं कुणाला माहीत आहे?

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात घ्या आणि त्यातून १ वजा करा. जी संख्या येते ती मूळ आहे. १ आणि ती स्वतः सोडली तर तिला कशानेच पूर्ण भाग जात नाही. ल्यूक ड्युरंटने ती ऑक्टोबर २०२४ मध्ये शोधली. तिच्यात ४,१०,२४,३२० अंक आहेत. सेकंदाला एक अंक, तेही न झोपता, असं वाचत बसलात तर साधारण ४७५ दिवस लागतील. (बायनरीत मात्र अगदी साधी दिसते, पहिल्यापासून शेवटपर्यंत नुसते १.)

'ती मूळ आहे' हे मी वर किती बिनधास्त लिहून टाकलं. पण मला ते माहीत आहे, की मी फक्त ऐकलंय?

तपासायची पद्धत लुकास-लेहमर यांची. ३१ वर करून बघा, कारण ३१ म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा. ४ चे १४ होतात. १४ चे १९४, बाकी ८. ८ चे ६२, बाकी ०. तिसऱ्या फेरीला शून्य आलं, म्हणजे ३१ मूळ. फेऱ्या घातापेक्षा दोनने कमी. ड्युरंटच्या संख्येसाठी हेच १३,६२,७९,८३९ वेळा करायचं, आणि हातातली संख्या कोट्यवधी अंकांची.

पद्धत बरोबर का आहे, याची सिद्धता माणसाला वाचता येते. या संख्येचं गणित मात्र पहिल्या पायरीपासून शेवटच्या पायरीपर्यंत कुणीही वाचलेलं नाही, वाचणारही नाही.

याच्या उलट एक उदाहरण आहे. २ चा ६७ वा घात वजा १ ही संख्या मूळ आहे असं मर्सेनने १६४४ मध्ये म्हटलं होतं. ती मूळ नाही हे लुकासने १८७६ मध्ये दाखवलं, पण अवयव न सांगता. ते १९०३ मध्ये फ्रँक कोलने दिले: १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७. आता कागद घ्या आणि गुणाकार करा. कोल कोण होता, हे विचारायची गरजच नाही. मला हा सगळ्यात सभ्य पुरावा वाटतो.

ड्युरंटच्या संख्येपुढे ही चैन नाही. तिथे हार्डवेअर मध्येच गंडलं तर योगायोगाने नेमकं शून्य येणं जवळपास अशक्य, पण प्रोग्रॅममधला बग खोटं शून्य देऊ शकतो. म्हणून वेगवेगळ्या प्रोग्रॅमनी, वेगवेगळ्या यंत्रांवर ती पुन्हा तपासली गेली. माझा विश्वास बसतो तो यामुळे, आकड्याच्या भव्यतेमुळे नाही.

तरी एक गोष्ट खुपते. 'कुणीही तपासू शकतं' याचं 'कुणीतरी तपासलं असेल' व्हायला वेळ लागत नाही. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. कोड सगळ्यांसाठी उघडा, पाच जणांचं अप्रूव्हल, आणि वाचलेला कदाचित एकानेही नाही. पाचही जण खोटं बोललेले नसतात; प्रत्येकाने उरलेल्या चौघांवर विश्वास ठेवलेला असतो. ड्युरंटच्या संख्येबाबतीत कुणीतरी खरंच वीज जाळून, यंत्र अडकवून तेच कंटाळवाणं गणित पुन्हा केलं. शोधाचं श्रेय त्यांना मिळणार नव्हतं, तरीही केलं. 'आपल्याला माहीत आहे' यातलं 'आपल्याला' त्यांच्या जिवावर उभं आहे.