मुक्या जिवाचे देणे

प्राण्याचे हृदय शरीराबाहेर काढल्यावरही काही तास धडधडत राहू शकते, ही गोष्ट आपल्यापैकी पुष्कळांस नवी वाटेल. हृदय चालविणारा विजेचा ठोका मेंदूकडून येत नाही. हृदयाच्या उजव्या वरच्या कप्प्यात पेशींचा एक लहानसा पुंजका असतो, तेथेच तो उत्पन्न होतो. १८९५ साली ऑस्कार लांगेनडॉर्फ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले की, महारोहिणीत नळी बसवून तिच्यातून उबदार, प्राणवायुयुक्त द्रव सोडला, तर सस्तन प्राण्याचे सुटे हृदयही आपले काम चालू ठेवते.

पुढे शास्त्रज्ञांनी अशा हृदयातली वीज डोळ्यांनी पाहण्याची युक्ती शोधली. पेशींच्या आवरणात शिरणारा एक रंग द्रवातून देतात. विजेचा दाब बदलला की त्या रंगाची चमक किंचित बदलते, आणि सेकंदाला शेकडो चित्रे घेणारा कॅमेरा तो बदल टिपतो. हृदय आकुंचन पावताना चित्र हलते, म्हणून पुष्कळदा एखादे औषध देऊन त्याची हालचाल थांबवतात. तेव्हा हृदय निश्चल दिसते, पण वीज मात्र त्यावरून लाटेसारखी सरकत असते. १९९२ साली मेंढीच्या हृदयाच्या पातळ तुकड्यावर अशीच एक लाट भोवऱ्यासारखी स्वतःभोवती फिरताना दिसली. हृदयाची लय बिघडून माणूस अचानक कोसळतो, त्याच्या मुळाशी असे भोवरे असू शकतात, ही समजूत अशा प्रयोगांनी पक्की झाली.

आमच्या विनिपेगला हा विषय परका नाही. रेड नदीपलीकडे सेंट बोनिफेस रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात पंजाबात जन्मलेले डॉ. नरंजन ढल्ला यांनी हृदयविज्ञानाची संस्था नावारूपास आणली. उंदरांच्या सुट्या हृदयांवर त्यांनी दीर्घकाळ अभ्यास केला. राष्ट्रीय संशोधन मंडळाने १९९२ साली शहरात काढलेल्या बायोडायग्नॉस्टिक्स संस्थेत डुकरांच्या हृदयांवर अवरक्त प्रकाश टाकून स्नायूला प्राणवायू कोठे पोचतो, कोठे नाही, याची चित्रे घेतली गेली. आपली मुले येथल्या विद्यापीठात शिकतात. त्यांच्यापैकी कोणाला उद्या अशा प्रयोगशाळेत काम मिळाले आणि तिने घरी येऊन विचारले, “हे करणे योग्य आहे का?” तर आपण काय उत्तर देणार? “शास्त्र आहे, चालायचेच,” हे उत्तर नव्हे. “पाप आहे,” हेही नव्हे.

आमच्या मते येथे दोन प्रश्न एकत्र मिसळले जातात. पहिला वेदनेचा. सुट्या हृदयाला मेंदू नाही. त्याला काही जाणवत नाही. ते धडधडते म्हणून ते प्राणी आहे असे होत नाही. वेदनेचा प्रश्न त्याआधीचा आहे: प्राण्याला कसे पाळले, कसे हाताळले, आणि भूल पूर्ण चढल्यावरच त्याला हात लावला की नाही. दुसरा प्रश्न प्राण घेण्याचा. तो भूल देऊन सुटत नाही. वेदना झाली नाही म्हणून काही घेतलेच नाही, असे म्हणणे म्हणजे झोपलेल्याच्या घरातली वस्तू उचलून “त्याला कळले कुठे?” असे विचारण्यासारखे आहे.

यावर नेहमीचे उत्तर उपयोगाचे. ते खोटे नाही. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. पी. के. सेन यांनी भारतातले पहिले हृदयरोपण केले. रोगी काही तासच जगला. पण त्या शस्त्रक्रियेमागे कुत्र्यांवर केलेला कित्येक वर्षांचा सराव होता. आज आपल्यातल्या कोणाच्या छातीत पेसमेकर आहे, कोणाची झडप डुकराच्या ऊतींची आहे. डुक्कर आपल्याला खाण्यास निषिद्ध, पण जीव वाचविण्यासाठी ती झडप घ्यावयास धर्माची हरकत नाही. मात्र उपयोगाच्या युक्तिवादात एक उणीव आहे. कोणता प्रयोग कोणाचा जीव वाचवील हे आधी कोणीच सांगू शकत नाही. पुष्कळ प्रयोगांतून ज्ञानाचा एखादा कणच हाती येतो. तेव्हा परवानगी फळावर अवलंबून ठेवता येत नाही. ती प्रयोगापूर्वी विचारलेल्या प्रश्नावर ठेवावी लागते.

येथे आपल्या वाडवडिलांचा धंदा आठवतो. कोकणात आपण शनिवार तेली म्हणून ओळखले जात होतो. घाणा बैलाच्या श्रमावर चालत असे, आणि बैलाची संमती कोणी विचारली नव्हती. पण शब्बाथला घाणा बंद, आणि ती विश्रांती बैलालाही होती. आज्ञेतच त्याचा उल्लेख आहे. मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये, पशू व त्याचे पिलू एकाच दिवशी कापू नये, हीही शास्त्राचीच वचने. सुरीला किंचित खाच असली तरी ती कोशर कापणीला चालत नाही. शास्त्राने जनावराचा उपयोग नाकारला नाही. त्याला हद्द घातली. आमच्या मते सारे मर्म त्या हद्दीत आहे. शुक्रवारी कोंबडीचा रस्सा आवडीने खाणाऱ्याने प्रयोगशाळेला दोष देताना जरा थांबावे. तसेच, आपण मांस खातो म्हणून प्रयोगशाळेला सारे माफ, असेही म्हणू नये.

रोपणासाठी न चालणारी माणसांची दान झालेली हृदयेही याच रीतीने अभ्यासली जातात. तेथे त्या माणसाने किंवा घरच्यांनी होकार दिलेला असतो. डुकराने, सशाने तो दिलेला नसतो आणि देऊही शकत नाही. जो ‘नाही’ म्हणू शकत नाही त्याच्याकडून काही घेणारा हा त्याचा पालकही ठरतो; त्याच्या वतीने ‘नाही’ म्हणण्याची जबाबदारी घेणाऱ्यावरच येते.

रसेल व बर्च या दोघांनी १९५९ साली तीन गोष्टी सुचवल्या: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन, शक्य तितके कमी प्राणी, आणि शक्य तितका कमी त्रास. कॅनडात १९६८ साली स्थापन झालेली प्राणी-संगोपन परिषद याच धोरणावर देखरेख करते. परंतु समितीचा शिक्का मिळाला म्हणजे मनाचे काम संपले, असे नव्हे.

तेव्हा त्या मुलीला आम्ही एवढेच सांगू: हृदय हाती घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचार. याचे उत्तर कोणी आधीच मिळवले आहे का? मिळवले असेल तर एक हृदयही जास्तच झाले. प्राण्याशिवाय हे उत्तर मिळेल का? आणि प्रयोग फसला तर तोही मी उघड लिहीन का, म्हणजे दुसऱ्या कोणाला त्यासाठी आणखी एक जीव घ्यावा लागणार नाही? या तिन्हींची उत्तरे प्रामाणिक असतील तर काम कर, आणि चांगले कर. निष्काळजीपणे केलेला प्रयोग म्हणजे खाच असलेली सुरी होय.