चमक की धार?

आजचं चिंतन गीता, अध्याय 6, श्लोक 35. चंचल मन आवरायला भगवंत दोन उपाय सांगतात: अभ्यास आणि वैराग्य.

रविवारी धुळ्याला घरी होतो. बाबा लाकडावर नक्षी कोरतात. त्यांचा धारेचा दगड झिजून खोलगट झालाय, म्हणून जळगावहून 400, 1000 आणि 2000 नंबरचे वॉटर पेपर नेले. काचेवर ओला कागद ठेवून घाईत थेट 2000 वर पटाशी घासली. आरशासारखी चमकली, पण लाकडात शिरेना!

बाबा म्हणाले, "अरे, दगड असो की कागद, आधी जाडं घासावं लागतं. बोथट भाग झिजला की पाठीमागे बोटाला बारीक खरखर लागते. मग पुढचा नंबर."

मी गप्प. रोज इथे चिंतन लिहितो, आणि त्याच सकाळी मोबाइलचं तेच तेच विचारलं म्हणून बाबांवर खेकसलो होतो. म्हणजे माझाही थेट 2000!

रोज घासणं हा अभ्यास. पण लोखंड झिजल्याशिवाय धार येत नाही. ‘मला सगळं येतं’ हे झिजू देणं, ते वैराग्य.

आज बाबांना फोन करणार, घाई न करता. तुमचा 400 नंबर कोणता?